टॉमकॅट की वेबलॉजिक? आधी गर्दी मोजा

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला आणि संकेतस्थळांनी लगेच मान टाकली. चौल काय नि चंद्रपूर काय, पोरं मोबाइलवरचं फिरतं चक्र बघत तासन्‌तास बसली. परीक्षा झालीच नव्हती, निकालही ९९.९५ टक्के, तरी १५ लाखांहून अधिक मुलांना आपला आकडा त्याच घटकेला हवा होता.

असं झालं की ‘सर्व्हर दणकट घ्या’ असा सल्ला मिळतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात दणकट म्हणजे ओरॅकलचं वेबलॉजिक. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, दोन्ही एकदमच पक्कं किंवा एकदमच रद्द, अशी बँकेची कामं ते चोख सांभाळतं. रेड हॅटने वाढवलेलं वाइल्डफ्लाय, म्हणजे पूर्वीचं जेबॉस, यातलं बरंच काही फुकटात करतं. अपाचेचं टॉमकॅटही फुकटच, पण त्याचा संसार आटोपशीर: विनंती घ्यायची, पान द्यायचं. निकाल दाखवायला तेवढं पुरे. हौसेला मोल नसतं, सरकारी तिजोरीला असतं.

आता वेग. टॉमकॅट मुळात एका वेळी २०० थ्रेड चालवतं. २०० खिडक्याच म्हणा. मागच्या डेटाबेसने उत्तराला दोन सेकंद लावले, तर सेकंदाला १०० जण सुटतात आणि १५ लाखांना चार तासांहून जास्त लागतात. तेच उत्तर ०.०२ सेकंदात आलं, तर कागदावर अडीच मिनिटं! खिडक्या वाढवल्या तर रांग फक्त आत, डेटाबेसच्या दाराशी सरकते. २०२३ च्या जावा २१ मधले हलके, हवे तेवढे उघडता येणारे व्हर्च्युअल थ्रेडही त्या दाराचं काही करू शकत नाहीत. वेबलॉजिक आणलं तरी हिशेब तोच.

खरं तर लागलेला निकाल बदलत नाही. पानं आदल्या रात्रीच तयार करून ठेवली, तर जावाची गरजच उरत नाही.

दाखले, उतारे, भरपाईचे अर्ज यांचं तसं नाही; ते आदल्या रात्री तयार ठेवता येत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात चौल-रेवदंड्याच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी अख्ख्या तालुक्याला तेच कागद एकाच आठवड्यात लागतात. म्हणून निविदेत सर्व्हरचं नाव नंतर घाला. आधी सर्वाधिक गर्दीच्या तासाची चाचणी घाला, तीही गावातल्या रडक्या नेटवर्कवर, आणि तिचे आकडे लोकांसमोर ठेवा.