जमीन जागेवर आहे, पण कसणारा?

कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. अंधारात बैलगाडीला मागून ठोकर बसते आणि घरचा कर्ता जातो. तेराव्याच्या आत मध्यस्थ येतो : वीस हजार घ्या, मिटवून टाका. शेतकरी भावांनो, अशा कागदावर अंगठा उठवू नका. चालकाच्या हयगयीची भरपाई मालकाकडून मागता येते आणि ट्रकचा विमा असेल तर ती कंपनीकडून वसूल होते. अपघात कोठेही होवो, दावा आपल्या जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो.

खरा डाव तिथे पडतो. कंपनीचा वकील सातबारा पुढे करून विचारतो, ‘जमीन वारसांकडेच आहे, मग बुडाले काय?’ २००३ च्या जसबीर कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जमीन वारसांकडे राहते, म्हणून उत्पन्न बुडाल्याचा नेहमीचा नियम शेतीला जसाच्या तसा लागू होत नाही. पण शेती पाहायला माणसे लावावी लागतील, हेही त्याच निकालात आहे. वकील पहिले वाक्य वाचतो. आपण दुसरे वाचले पाहिजे.

सालगडी ठेवला तर त्याचे साल द्यावे लागते. पण सालगडी सांगितलेले काम करतो. मृगाचा पाऊस हुलकावणी देतो आहे की नाही, कपाशी मोडून ज्वारी पेरायची का, कर्ज कोठून उचलायचे, हे तो ठरवत नाही. कोरडवाहू शेतीत पिकते ते या अकलेवर. घरच्या माणसाचे कष्ट आणि व्यवस्थापन कवडीमोल धरायचे, ही शेतमालाच्या भावातली जुनी लबाडी. तीच आता मरणाच्या हिशेबात शिरली आहे.

फरक किती पडतो ते पाहा. समजा, ३८ वर्षांचा शेतकरी गेला, मागे आई, बायको, दोन मुले. न्यायाधिकरणाने त्याच्या कामाचे मोल महिना ६,००० धरले, तर २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांच्या रीतीने (४० टक्के वाढ, स्वखर्चाची एक चतुर्थांश वजावट, गुणक १५) ११,३४,००० रुपये होतात. १२,००० धरले तर २२,६८,०००. दुपटीचा फरक पुराव्याने पडतो.

म्हणून काटापट्ट्या, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, पीककर्जाचे उतारे जपून ठेवा. अपघातानंतर लावलेल्या गड्याची मजुरी तारखेनिशी लिहा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये.

आमचे म्हणणे एवढेच : प्रत्येक गावातून दोन कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. मध्यस्थाच्या आधी त्या घरी आपण पोचलो पाहिजे.