माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालू नका

1990 साली मुंबईत अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं. समलिंगी माणसांचं हे नियतकालिक चारचौघांत हातात धरायची सोय नव्हती. डोक्यावर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं आणि घरी लग्नाची बोलणी चालू असत. अंक गादीखाली जात, कचेरीतल्या कुलपाच्या खणात जात, नाहीतर वाचून झाले की फाडले जात. तेव्हा तिशी-चाळिशीत असलेले ते वाचक आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याजवळ उरलेले अंक, पत्रं, फोटो, कॅसेटी उद्या कुणाच्या हाती पडणार? खोली रिकामी करायला आलेल्या भाच्या-पुतण्यांना त्यांचं मोल कळणार नाही आणि रद्दीवाला ते किलोवर घेऊन जाईल.

हे आपण होऊ देता कामा नये. समलिंगी स्त्री-पुरुषांच्या इतिहासाचं संग्रहालय मुंबईत उभं राहिलं पाहिजे, आणि त्यात ठेवायचा ऐवज आत्ताच वाचवला पाहिजे.

कागद जपल्याने काय साधतं, याचा दाखला मराठीतच आहे. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक 1927 ते 1953 चाललं. वाचक त्यात आपल्या लैंगिक शंका विचारत, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलच्याही असत, आणि कर्वे सरळ उत्तरं देत. अशा उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ते अंक कुणीतरी जपले. म्हणूनच ‘हे सगळं परदेशातून आलेलं खूळ’ असं म्हणणाऱ्यापुढे आज आपण ते उघडून ठेवू शकतो.

कलम 377वरचे न्यायालयांचे निकाल सुरक्षित आहेत. 2009चा दिल्ली उच्च न्यायालयाचा, 2013चा तो फिरवणारा, 6 सप्टेंबर 2018चा सर्वोच्च न्यायालयाचा. कुणीही काढून वाचावेत. तिथवर गाडा ओढत नेणारी बहुतेक माणसं मात्र त्या पानांत नाहीत. 1994 मध्ये समलिंगी माणसांसाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट सुरू झाला, 2002 मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी समपथिक ट्रस्ट काढला. तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याने जिन्यात किती येरझारा घातल्या, हे कोणत्या निकालात लिहिलेलं आहे? 16 ऑगस्ट 2008 रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे समलिंगी माणसांचा मोर्चा निघाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत मुखवटे लावून चालणारेही असत. असा एक मुखवटा काचेआड ठेवला, तर शाळकरी मुलालाही त्या काळची भीती कळेल.

स्त्रियांची गत आणखी अवघड. पुरुषांना निदान रात्रीचे फलाट होते, बागा होत्या, समुद्रकाठ होता. बायकांना तेवढीही मोकळी जागा नव्हती. त्यांचं नातं पत्रांत राहिलं, मैत्रिणीच्या घरी राहिलं, आणि लग्न ठरलं की आधी पत्रं बंबात गेली. 1995 मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ ही अशा स्त्रियांची संघटना उभी राहिली, ती पुढे ‘लेबिया’ झाली. तिने काढलेल्या ‘स्क्रिप्ट्स’चे अंक आज सोन्याच्या मोलाचे आहेत. डिसेंबर 1998 मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ दाखवणाऱ्या मुंबईतल्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, त्याच्या बातम्या जुन्या वर्तमानपत्रांत सापडतात. पण नवऱ्याशेजारी बसून तो सिनेमा पाहताना जिचा श्वास अडकला, तिला काय वाटलं ते तिलाच विचारावं लागेल, ती आहे तोवर.

बर्लिनमध्ये असं संग्रहालय 1985 पासून आहे, लंडनमध्ये 2022 पासून. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये असा अभिलेखसंग्रह आहे. मुंबई महापालिकेने वाकोल्याच्या आपल्या इमारतीत पूर्वी हमसफरला जागा दिली होती. आता या कामासाठीही तिने जागा द्यावी, आणि विद्यापीठांनी कागद जतन करण्याचं शिक्षण घेतलेली माणसं द्यावीत. एक आग्रह मी धरणारच: हे संग्रहालय दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपुरतं राहू नये. लालबागच्या चाळीतली, सोलापूरची, नागपूरची, पणजीची माणसं त्यात नसतील तर तो अर्धाच इतिहास.

नाव उघड व्हायला नको असेल, तरी आपल्याजवळचा ऐवज द्या. इतकी वर्षं पेटी उघडू नये, अशी अट देणाऱ्याला घालता येते आणि चांगली अभिलेखागारं ती पाळतात. फोटोत दुसरं कुणी असेल, तर त्याला विचारल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. दरम्यान घरातला ऐवज सांभाळा. गंजलेल्या टाचण्या काढा. लॅमिनेशन अजिबात करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो. व्हिडिओ कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरते, त्यांची आधी डिजिटल प्रत करून घ्या. फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, जागा, साल लिहा. ज्यांचे मामा, काका, आत्या एकटे राहिले, त्या भाच्या-पुतण्यांनी त्यांच्याशी बोलावं, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करावं. आणि ज्यांच्याकडे ही ट्रंक आहे, त्यांनी ती आपल्यामागे कुणाच्या हाती द्यायची ते मृत्युपत्रात नावानिशी लिहून ठेवावं, आणि त्या माणसाला तसं याच आठवड्यात सांगावं.