मत्स्यशारीर आणि पशुवैद्य

पशुवैद्य म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें गाय, बैल किंवा घोडा उभा राहतो. त्याच्यापुढें मासा ठेवला तर अनेकांस तें विपरीत वाटेल. परंतु नॉर्वे देशांत सॅमन माशांचें संगोपन हा मोठा व्यवसाय असल्यामुळें तेथील पशुवैद्यांस मत्स्यशारीरहि शिकावें लागतें. ओस्लो येथें १९३५ सालीं स्थापन झालेलें तेथील पशुवैद्यक विद्यालय २०१४ सालीं विद्यापीठांत विलीन झालें व २०२१ सालीं ओस या गांवीं गेलें.

घोड्याकुत्र्यांवरून बांधलेलीं अनुमानें माशास लागू पडत नाहींत. त्याच्या हृदयांत रक्त घेणारा कप्पा एक व तें ढकलणारा एकच. रक्त निर्माण करणारी मज्जा त्याच्या हाडांत नसते. तें काम मूत्रपिंडाचा पुढील भाग करतो. सॅमनचें स्वादुपिंड तर एके ठिकाणीं न सांपडतां आंतड्याभोंवतींच्या चरबींत विखुरलेलें असतें.

हें ज्ञान केवळ पोथींतलें नव्हे. १९८७ सालीं नॉर्वेंत माशांच्या रोगांवर सुमारें ४८ टन प्रतिजैविकें खर्ची पडलीं. पुढें लहान माशांच्या उदरपोकळींत लस टोंचण्याचा प्रघात पडला. आतां उत्पादन कित्येक पटींनीं वाढूनहि हा खर्च वर्षास एका टनाच्या आंत आला आहे. सुई कोठें व किती खोल जावी, हें मात्र शारीरज्ञानावांचून ठरत नाहीं.

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. वर्षास कोट्यवधि सॅमन सुरीखालीं जात असतां, त्यांच्या कल्ल्यांतील रोगप्रतिकारक पेशींचा एक थर या विद्यालयांतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रथम वर्णिला. आणि गुदद्वाराजवळची, पक्ष्यांतील तशाच पिशवीशीं रचनेनें मिळतीजुळती पिशवी तर २०२० सालीं! कापणारे पुष्कळ होते, पाहणारे थोडे.

आमच्या पूर्वाचार्यांस हें मर्म ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शव सात रात्रीं पाण्यांत ठेवून, मग हळूहळू घासून एकेक थर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्याची रीति सांगितली आहे.

ज्या घरांत मासा येत नाहीं, तेथें जास्वंदीचें फूल तरी आहेच. तें उभें कापून मुलांच्या हातीं द्यावें, आणि त्यांनीं काय काय पाहिलें तें सांगितल्यावरच पुस्तकांतील नांवें सांगावींत, इतकेंच आमचें वडील मंडळींस सांगणें आहे.