दिव्याने जाणारी उदासी

गेल्या पौषात नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बालकवींवर चर्चासत्र झाले. नगरशी बालकवींचे नाते जुने. रेव्हरंड टिळकांच्या तेथील घरी ते काही काळ राहिले होते, आणि 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून ठोमरे भेटतात. तेव्हा स्थळ उचितच होते. एका निबंधवाचकांनी 'उदासीनता', 'पारवा' आणि 'औदुंबर' या कविता घेऊन कवीच्या खिन्नतेची पाऊण तास मीमांसा केली. नंतर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. तिचा भाऊ एडिंबरा येथे नोकरीला आहे. दर वर्षी नोव्हेंबर लागला की त्याला सकाळी उठवत नाही, झोप आणि भूक वाढते, माणसे नकोशी होतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने एक प्रखर दिवा आणला, रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर तो बसू लागला आणि पंधरवड्यात सावरला. तर ही उदासी आणि कवितेतली उदासी एकच का, असे तिला जाणून घ्यायचे होते.

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "दिव्याने जाते ती उदासी नव्हे, ती सुस्ती. उदासी ही आत्म्याची गोष्ट आहे." टाळ्या पडल्या आणि चहाची वेळ झाली.

अध्यक्षांच्या व्यासंगाविषयी आम्हाला आदर आहे. पण हे वाक्य त्यांचे एकट्याचे नाही. मराठीच्या वर्गावर्गांतून ते निरनिराळ्या शब्दांत शिकवले जाते, आम्हीही ते शिकवले आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम दिव्याविषयी. नॉर्मन रोझेंथाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे जोहान्सबर्गचे, म्हणजे आपल्यासारख्याच उन्हाच्या मुलखातले. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि हिवाळा आला की आपली उमेद ओसरते, वसंतात ती परतते, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रखर प्रकाशाने माणसाच्या शरीरातील मेलाटोनिनचे स्रवणे थांबते, हे आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले होते. १९८४ मध्ये रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचे वर्णन व त्यावरील प्रकाशोपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज रूढ असलेली पद्धत साधी आहे. सकाळी उठल्यावर सुमारे अर्धा तास, दहा हजार लक्स तीव्रतेचा, अतिनील किरण गाळलेला दिवा समोर ठेवून बसायचे. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही. वाचावे, चहा घ्यावा. रात्री आपल्या खोलीत ट्यूबलाइटचा उजेड एक-दोनशे लक्स असतो, आणि नगरचे दुपारचे ऊन लाख लक्सच्या घरात जाते. डोळ्याच्या दृष्टिपटलात पाहण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाला उजेडाची वर्दी देण्याचेच काम मुख्यत्वे करणाऱ्या पेशी आहेत, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. २००६ मध्ये कॅनडातील एका तुलनात्मक चाचणीत हिवाळी नैराश्यावर दिवा आणि फ्लुओक्सेटिन ही गोळी सारख्याच गुणकारी ठरल्या. या निदानावर वाद नाहीत असे नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका पाहणीच्या आधारे नैराश्य आणि ऋतू यांच्या संबंधावरच शंका घेतली गेली. आइसलंडसारख्या काळोख्या देशात हे नैराश्य अपेक्षेपेक्षा कमी आढळते. दिवा सर्वांना चालतोही असे नाही. डोळ्यांचे विकार असणाऱ्यांनी, आणि ज्यांची मनःस्थिती उन्माद व नैराश्य या दोन टोकांत झुलते त्यांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून त्याच्या वाटेला जाऊ नये. पण अशा शंका वैद्यकात रीतसर मांडल्या व तपासल्या जातात. आपल्या सभागृहात हशा पिकतो.

आता अध्यक्षांच्या वाक्याकडे. उपायाच्या साधेपणावरून दुःखाची खोली मोजण्याचा हा न्याय कोठला? तहान पाण्याने भागते, म्हणून ती खोटी ठरत नाही. नोव्हेंबर ते मार्च ज्याला आपले जगणे निरर्थक वाटत होते, त्याला ते खरोखरच तसे वाटत होते.

आमच्या मते या गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. 'उदासीन' म्हणजे मुळात अलिप्त, वर बसून पाहणारा. गीतेच्या नवव्या आणि चौदाव्या अध्यायांत हा शब्द याच अर्थाने येतो आणि तेथे तो गौरवाचा आहे. मराठीत तो खिन्नतेकडे घसरला, मात्र जुन्या अर्थाची प्रतिष्ठा घेऊनच घसरला. त्यामुळे आपला समीक्षक खिन्न कवीत नकळत विरक्त पुरुष पाहतो. 'सुस्ती'ला असे कुळ नाही, म्हणून ती बाहेर उभी. वास्तविक गीतेचा आरंभ ज्या विषादाने होतो तो अगदी देहाचा आहे: तोंड कोरडे पडते, अंग कापते, धनुष्य हातातून गळते, उभे राहवत नाही. आणि श्रीकृष्ण त्या अवस्थेचे कौतुक करीत नाहीत. याच जिल्ह्यातील नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्ञानदेवांनी मराठीत जो ग्रंथ सांगितला त्याचीही सुरुवात या विषादापासूनच आहे. परंपरेचा हवाला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

दुसरा एक वर्ग आहे, त्याचा समाचार थोडक्यात घेऊ. चहाच्या वेळी एक गृहस्थ आम्हाला म्हणाले की हे सारे आपल्याकडे होतेच, सूर्यनमस्कार म्हणजे दुसरे काय? डिसेंबरात एडिंबऱ्याचा दिवस जेमतेम सात तासांचा असतो आणि सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही. नमस्कार कोणाला घालायचा? एकोणीस अक्षांशावरच्या नगरात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा. आमचा हिवाळा हुरड्याचा, बाजरीच्या भाकरीचा, तिळगुळाचा. अशा मुलखातून गेलेल्या मुलाला घरून फोनवर "थंडीत कसली रे उदासी" असे ऐकावे लागते. तो मग दिव्याविषयी घरी बोलतच नाही. त्या विद्यार्थिनीच्या भावानेही फक्त बहिणीला सांगितले होते, आईवडिलांना नाही.

आणि तिसरा वर्ग तरुण अभ्यासकांचा, जो आमच्या बाजूने बोलतो असे वाटते आणि आम्हाला अडचणीत आणतो. त्यांच्यापैकी एकाने जिन्यात आम्हाला गाठून सांगितले, की बालकवींना हाच विकार असणार, एक दिवा मिळता तर! हे आम्हाला साफ नामंजूर आहे. 'फुलराणी'चा उजेड आणि 'पारवा'चा काळोख एकाच कवीने लिहिला, एवढ्यावरून १९१८ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही. कविता हा रक्ताचा अहवाल नव्हे. शिवाय उजेडाशी संबंधच नसलेले दुःख असतेच. मौलाना आझाद १९४३ मध्ये नगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना तिकडे कलकत्त्यात त्यांच्या पत्नी गेल्या. बाहेर एप्रिलचे ऊन होते. त्या शोकाला कोणी दिवा लावायला गेले असते तर तो अपमान झाला असता.

म्हणजे शोक वेगळा, वैराग्य वेगळे, कातरवेळची हुरहूर वेगळी आणि आजार वेगळा. ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' शिकवताना आम्ही हुरहुरीवर तासचे तास बोलतो. ते बोलायलाच हवे. पण समोरच्या साठ मुलांत एखादा असा असतो की ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही किंवा नुसती झोपच आहे, आणि आपल्याला जे होते आहे ते 'खोल' आहे असे समजून तो गप्प बसतो. ही समजूत त्याला आम्ही दिलेली असते. आमच्या एका विद्यार्थ्याने अशी दोन वर्षे काढली. त्याच्या कविता आम्ही वाखाणल्या, आणि तो डॉक्टरांकडे गेला तो वसतिगृहाच्या रखवालदाराने नेला म्हणून. आता तो बरा आहे. कविताही लिहितो, पूर्वीइतक्याच बऱ्यावाईट.

चर्चासत्रातील निबंधांचे पुस्तक निघणार असल्याचे कळते. पानांच्या अडचणीमुळे प्रश्नोत्तरे त्यात घेणार नाहीत.