प्राणाचा अभ्यास आणि नेवाशाची शिकवण

प्रवरेच्या काठी नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. या ग्रंथाची ओळख बहुतेकांना भक्तीचा ग्रंथ म्हणून असते आणि ती खरीच आहे. पण त्याच्या सहाव्या अध्यायात प्राण, अपान, नाड्या, बंध आणि कुंडलिनी यांचे जे वर्णन येते, ते मराठीतील योगविषयक लेखनाचा पायाच म्हणावे लागेल. प्राणायामाची शिबिरे आज गावोगावी भरतात, मोबाइलच्या पडद्यावर रोज नवा श्वसनप्रकार दिसतो. अशा वेळी आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात सांगितल्या गेलेल्या या अध्यायाकडे पुन्हा वळायला हवे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे जे श्लोक आहेत, त्यांत शुद्ध जागा, स्थिर आसन, ताठ मान, नासाग्री दृष्टी आणि मनाचा संयम एवढेच सांगितले आहे. कुंडलिनीचे नावही तिथे नाही. ज्ञानेश्वरांनी मात्र या मोजक्या श्लोकांवर नाथपंथाची सारी साधना उलगडून दाखवली. मूळबंधाने खाली जाणारा अपान कसा मागे वळतो, जालंधर आणि उड्डियान बंध कुठे लागतात, जागी झालेली शक्ती देहातले पृथ्वी आणि पाणी कसे आटवत वर चढते, हे सारे टप्प्याटप्प्याने येते. पुढे एक विलक्षण जागा आहे. वर चढलेल्या त्या शक्तीचे कुंडलिनी हे नाव गळून पडते आणि ती मारुत, म्हणजे प्राणवायूरूप होते, असे ते सांगतात. नाकातून येणारी-जाणारी हवा आणि देहाला चालवणारी मूळ शक्ती यांचे नाते या परंपरेत इतके जवळचे मानले आहे. या वाटेला ते पंथराज म्हणतात आणि हा नाथांचा संकेत असल्याची कबुलीही तिथेच देतात. गुरूने शिष्याच्या कानात सांगायची गोष्ट त्यांनी मराठीत, सर्वांसमोर मांडली. त्यामागचे धैर्य आपण पुरेसे ओळखलेले नाही असे आम्हांला वाटते.

अहिल्यानगर जिल्हा हा या नाथपरंपरेचा जुना मुलूख आहे. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांचे स्थान आहे, त्याच तालुक्यात वृद्धेश्वर आहे, मांजरसुंब्याला गोरक्षनाथ गड आहे. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी आपली गुरुपरंपरा ज्ञानेश्वर स्वतः सांगतात. प्राणावर ताबा मिळवणाऱ्यांच्या कथाही इथे पावलोपावली भेटतात. ज्ञानेश्वरी लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचा गेलेला प्राण ज्ञानेश्वरांनी परत आणला, अशी आख्यायिका नेवाशातच सांगतात. शिर्डीत १८८६ साली दम्याचा त्रास होत असताना साईबाबांनी प्राण ब्रह्मांडी चढवला आणि तीन दिवस म्हाळसापतींनी देह सांभाळला, असे भक्त मानतात. श्री साईसच्चरितात ही हकिगत आहे. आणि गोदावरीच्या काठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे.

चांगदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा या विषयाशी थेट संबंध आहे. योगबळाने चांगदेव चौदाशे वर्षे जगले, मृत्यू जवळ आला की ते प्राण वर नेऊन ठेवत आणि वेळ टळली की परत आणत, असे कथा म्हणते. असा हा सिद्ध पुरुष आळंदीच्या भावंडांना पत्र लिहायला बसतो, तेव्हा मायना काय लिहावा हे न कळून कोरा कागद पाठवतो. एवढे जगूनही कोराच राहिलास, हे मुक्ताईचे त्यावरचे बोलणे. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, त्याच चांगदेव पासष्टी. तिच्यात आयुष्य वाढवण्याची युक्ती नाही की सिद्धीचे कौतुक नाही. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्या ऐक्याचा विचार आहे. श्वास किती वेळ रोखता आला यावर ज्या परंपरेला माणूस मोजता आला असता, त्याच परंपरेने ते माप बाजूला ठेवले.

आता प्राण म्हणजे नेमके काय, याकडे येऊ. छांदोग्य आणि बृहदारण्यक उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची एक गोष्ट आहे. वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्षासाठी देह सोडून जातात. माणूस मुका, आंधळा, बहिरा होऊनही जगतो. प्राण निघू लागतो तेव्हा मात्र बाकी सगळ्यांची मुळे उखडू लागतात आणि ती शरण येतात. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान ही त्याच्या कामांची पाच नावे: आत घेणे, बाहेर टाकणे, सर्वत्र पसरवणे, वर नेणे, पचवून समतोल राखणे. श्वास हे त्या शक्तीचे सहज हाताशी येणारे टोक आहे. हृदयाचे ठोके किंवा पचन आपल्या इच्छेने चालत नाही. श्वास आपोआप चालतो आणि हवे तेव्हा आपल्या ताब्यातही येतो. योग्यांनी श्वासच का निवडला, याचे उत्तर यात आहे. पतंजलींनीही आसन स्थिर झाल्यावरच प्राणायाम सांगितला आणि त्यात श्वासाचे स्थान, काळ आणि संख्या यांचे भान राखायला सांगितले.

प्राण म्हणजे ऑक्सिजन आणि प्राणायाम म्हणजे जास्त ऑक्सिजन, ही समजूत मात्र सोडायला हवी. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. जोरजोरात श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर जातो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. अनेक साधक या मुंग्यांनाच शक्ती जागी झाल्याची खूण मानतात, आणि शिकवणारेही त्यांना तसे मानू देतात. हे थांबले पाहिजे. मूळचे अमळनेरच्या शिक्षणक्षेत्रातले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि योगक्रिया करताना शरीरात होणारे दाबाचे बदल उपकरणांनी मोजायला घेतले. प्राणायामाचे मोल अधिक ऑक्सिजन मिळण्यात नाही, ही गोष्ट मराठी मुलखातच, त्या जुन्या काळात प्रयोगाच्या आधारे मांडली गेली होती.

मग संथ श्वासाचा उपयोग कशात आहे? मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. तिच्यातली जवळपास १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच राहते, फुप्फुसांच्या कामाला येत नाही. श्वास संथ आणि खोल झाला की हा अपव्यय घटतो, मध्यपटल पूर्ण हलते, आणि लांब उच्छ्वासात हृदयाची गती थोडी उतरते. इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो की बौद्ध मंत्र, तो लयीत म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयींचा मेळ सुधारतो, असे त्यांना आढळले. हे वाचताना आम्हांला हरिपाठ आठवतो. एका दमात चरण म्हणायचा, मग श्वास घ्यायचा. उच्छ्वास लांब, आत घेणे थोडके. आसन मांडून न बसताही या जिल्ह्यातल्या शेकडो गावांतले लोक संध्याकाळी देवळात हा अभ्यास करत आले आहेत. पंथराजाचे दार सर्वांना उघडे करून दाखवल्यावर भक्तीची सोपी वाट शेजारीच ठेवण्यात ज्ञानेश्वरांची करुणा होती, आणि देहाच्या अंगानेही ती वाट रिकामी नव्हती.

परंपरेने सावधगिरीही स्पष्ट सांगितली आहे. हठयोगप्रदीपिकेत सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करावा, घाई केली तर तो साधकालाच मारतो, असे आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके, कान आणि डोळे यांची दुखणी होतात, अशी यादीही आहे. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांचा अर्जुन विचारतो, हे कुणालाही जमेल की त्याला योग्यता लागते? त्यावर उत्तरात आहार, झोप, बोलणे, चालणे यांच्या बेताचाच आग्रह आहे. अति उपवास नको, अति खाणे नको. आज शिबिरात चार-पाचशे माणसे एका ध्वनिक्षेपकाच्या आवाजावर भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोराचा श्वास, करतात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. समोर बसलेल्यांत रक्तदाबाचा रुग्ण असतो, गरोदर बाई असते, काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आजोबा असतात. जोराचा श्वास आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, त्यांच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो. दमा असलेल्यांना श्वसनाच्या व्यायामाने बरे वाटू शकते, हे अभ्यासांत दिसले आहे. पण त्यासाठी इनहेलर सोडायला सांगणे अक्षम्य आहे.

आणखी एक गोष्ट. योगाभ्यासाची जागा कशी असावी, हे सांगताना ज्ञानेश्वर फार रमतात: झाडी, निर्मळ पाणी, गर्दी नाही, असे ठिकाण की वाटसरूलाही तिथून हलावेसे वाटू नये. आपल्या गावांत उसाचे पाचट पेटवले की धूर दिवसभर शिवारावर रेंगाळतो. ओल्या लाकडाच्या चुलीपाशी अजूनही बायका तासन्‌तास बसतात. पाचट शेतातच कुजवणे आणि घराघरांत धूर न होणारी चूल वा गॅस टिकवणे हे श्वासाच्या शिकवणीत धरले पाहिजे. पहाटे प्राणायाम आणि दुपारी पाचटाला काडी, हे एकत्र बसत नाही.

योगाचे वर्ग आता सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांतही घेतले जातात. तिथे सुरुवात सोप्या गोष्टींनी व्हावी: आधी प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा, दमा, हृदयविकार, काचबिंदू, गर्भारपण याची विचारणा करून ती नोंदवावी. पहिले काही आठवडे कुंभक अजिबात नको. पाठ ताठ, तोंड मिटलेले, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे थोडे लांब, रोज दहा मिनिटे. चक्कर आली तर लगेच थांबायचे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. आणि शिकवणाऱ्याने आजार बरा करण्याचे वचन देऊ नये.