नौकेंतील कचेरी

जुन्या युद्धनौकेंत कचेरी थाटणें म्हणजे वीराच्या हातीं जमाखर्चाची वही देऊन त्याची विटंबना करणें होय, असा एक भाबडा आक्षेप वारंवार कानीं पडतो. आक्षेपकांनीं लंडनच्या ‘प्रेसिडेंट’ नौकेकडे पाहावें. १९१८ सालीं ‘सॅक्सिफ्रेज’ या नांवानें बांधलेली, व्यापारी जहाजाचें सोंग घेऊन जर्मन पाणबुड्यांना फसविण्यासाठीं सजविलेली ही नौका १९२२ पासून टेम्सच्या कांठीं उभी राहिली. १९८८ सालीं नौदलानें तिला सोडलें. त्यापुढें तिला जगविलें तें भरती-ओहोटीबरोबर वरखालीं होणाऱ्या खोल्यांतून धंदा चालविणाऱ्या भाडेकरूंनीं! गंज कांहीं श्रद्धेनें थांबत नाहीं. तळ तपासावा लागतो, पत्रे बदलावे लागतात; त्यांचीं बिलें स्मृतिदिनाच्या भाषणांनीं फिटत नाहींत.

आमच्या ‘विक्रांत’चें काय झालें? १९९७ सालीं निवृत्त होऊन ती मुंबईंत संग्रहालय झाली. तें चालविण्यास भागीदार मिळेना. २०१२ सालीं धोकादायक ठरून तिचीं दारें मिटलीं, आणि २०१४ सालीं ती मोडींत निघाली. जयजयकार करणारे थोडे का होते?

मात्र कचेरीवाल्यांनींही फुशारूं नये. भाडें नौकेचें पोट भरतें, धक्क्यावरचा हक्क देत नाहीं. सांडपाण्याच्या प्रचंड बोगद्याचें काम निघालें, तेव्हां २०१६ सालीं ‘प्रेसिडेंट’ला जागा सोडून चॅटमला जावें लागलें. पाणबुड्यांना न भ्यालेली नौका गटारापुढें हटली, आणि तिच्यामागें भाडेकरूही पांगले.