जुन्या वस्तूंचीं छायाचित्रें

सांगलीहून हरिपूर कांहीं फार दूर नाहीं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचें देऊळ आणि 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचें जन्मस्थान, एवढ्यानेंच तें गांव मराठी वाचकांच्या ओळखीचें असतें. हळदीच्या व्यापाऱ्यांस मात्र तें निराळ्याच कारणानें ठाऊक आहे. तेथील जमिनीच्या पोटांत पेवें आहेत. वर तोंड लहान, एक माणूस कसाबसा उतरेल एवढें, आणि खालीं पोट मात्र ऐसपैस, अशा या खोल खड्ड्यांत उसाचा पाला व चटया पसरून हळद भरावयाची, तोंड झांकून वर माती लिंपावयाची, आणि भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ, स्वस्थ बसावयाचें. कीड नाहीं, ओल नाहीं; तिकडच्या मातीचाच तो गुण. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. पण पेवांचे दिवस तोंवर भरत आले होते. २००५ सालच्या महापुरानें त्यांतील पुष्कळशीं निकामी केलीं, आणि गुदामांनीं व शीतगृहांनीं त्यांची जागा घेतली.

आतां या पेवाचें छायाचित्र घ्यावयाचें कसें? वरून घेतलें तर तें जमिनीला पडलेलें एक भोंक दिसतें. आंत उतरून घ्यावें तर आंत अंधार, आणि अंधाराहूनही वाईट म्हणजे कोंडलेली हवा. म्हणूनच पेव उघडल्यावर कांहीं तास तसेंच ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून खालीं सोडतात. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर थांबतो. उतावळेपणा केला तर प्राणाशीं गांठ. आमच्या मतें पेवाचें खरें छायाचित्र त्याच्या तोंडाचें नव्हे आणि पोटाचेंही नव्हे. दोरी हातांत धरून, कांठावर ओणवा होऊन, खालची ज्योत निरखणाऱ्या त्या हमालाच्या चेहऱ्याचें तें छायाचित्र. पेव आणखी पन्नास वर्षें रिकामें पडून राहिलें तरी भोंकाचें चित्र केव्हांही मिळेल. तो ओणवा माणूस मात्र हळद भरणें थांबलें त्याच दिवशीं नाहींसा होतो.

हें लिहावयाचें कारण असें कीं, लोपलेल्या व लोपूं पाहणाऱ्या वस्तूंचीं छायाचित्रें जमविण्याचा छंद हल्लीं घरोघरीं दिसूं लागला आहे. कॅमेरा मोबाईलच्या रूपानें खिशांतच येऊन बसल्यापासून त्यास खर्चही पडत नाहीं. सुटींत तरुण मंडळी गांवीं जातात, माळ्यावरून जातें, उखळ, बंब, घंगाळ, फिरकीचा तांब्या खालीं उतरवितात, अंगणांत त्यांची मांडामांड करतात आणि सुरेख चित्रें घेऊन परत येतात. छंद उत्तम आहे. आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. फक्त बहुतेक चित्रांत वस्तु घासूनपुसून, देव्हाऱ्यांत बसविल्यासारखी बसविलेली असते. जात्यावर हळदकुंकू असतें, पण पीठ नसतें. खुंट्याला हात लागलेला नसतो.

छायाचित्रणाची कला आपल्याकडे उशिरां आली, असें मुळींच नाहीं. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर यांची पद्धति जाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली सुद्धां. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या वेळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. सांगलीस विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' नाटक केलें त्याचें छायाचित्र नाहीं, हें समजण्यासारखें आहे. तोंवर ही विद्या आपल्या दारापर्यंत पोंचली नव्हती. परंतु पुढील शंभर वर्षांत आपल्या घरांतून जीं चित्रें निघालीं तीं पाहावींत. मध्यभागीं खुर्चीवर यजमान, डोक्यास पगडी, हातांत काठी अथवा पुस्तक, मागें पडद्यावर रंगविलेला जिना. प्रसंग म्हणजे लग्न, मुंज, पदवी, बढती आणि शेवटीं अंत्यदर्शन. चूल कोणीं टिपली नाहीं. ती रोज डोळ्यांसमोर होती, म्हणूनच टिपली नाहीं.

सातारच्या उत्तरेस लिंब गांवीं बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत वीरूबाई भोसले यांनीं १७१९ ते १७२४ या काळांत ती बांधविली. अष्टकोनी, घडीव दगडांची, सुमारें ११० फूट खोल, आणि विहिरीच्या अंगांतच महालासारखी बैठक. नांव बारामोटेची, पण मोटा चालविण्याच्या जागा पंधरा सांगतात. हल्लीं या पायऱ्यांवर लग्न ठरलेलीं जोडपीं विवाहापूर्वींचीं छायाचित्रें काढवून घेण्यास येतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. त्यांचें सुखही चित्रांत येतें आणि चिरेबंदी शोभाही येते. तरी उभयतांनीं थोडें बाजूस सरकावें असें आम्हांस वाटल्याशिवाय राहत नाहीं, कारण ज्या कामासाठीं एवढी विहीर बांधली त्या मोटेची जागा नेमकी त्यांच्या पाठीमागें झांकली जाते.

मोट चालतांना ज्यांनीं पाहिली आहे असे वाचक आतां थोडेच उरले असतील. कातड्याची मोठी पिशवी, तिला खालीं सोंड. मोटेला जाड नाडा, तो वरच्या चाकावरून गेलेला. सोंडेला बारीक सोंदूर, तो खालच्या कण्यावरून. बैल धावेच्या उतारानें खालीं जात, मोट वर येई, सोंडेंतून पाणी थारोळ्यांत पडे आणि तेथून पाटानें मळ्यांत जाई. मग बैल उलट पावलीं वर, आणि मोट पुन्हां खालीं. उतारावर मोटकरी नाड्यावर बसे आणि गात असे. यांपैकीं आज विहीर आणि कोठें कोठें धाव, एवढेंच शिल्लक आहे. नाडा, सोंदूर, कणा, थारोळें हे शब्दही वस्तूंच्या मागोमाग चालले आहेत. छायाचित्रानें ते थांबत नाहींत, कारण छायाचित्राला बोलतां येत नाहीं. त्याच्या पाठीवर कोणीं तरी लिहावें लागतें. आणि तें मोट हांकलेला म्हातारा हयात आहे तोंवरच विचारून लिहावें लागतें, पुढें पुस्तकांतून शोधून लिहूं म्हटल्यास निम्में चुकतें.

मोट घालविली कोणीं? याच मुलखानें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं त्या वेळच्या औंध संस्थानांत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथें १९२६ सालीं पाण्याचा पंप तयार झाला. पुढें तेलावरचीं एंजिनें आलीं, मग वीज आली. बैलांची व माणसांची पाठ मोडणारें काम सुटलें, त्याबद्दल अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. मौज अशी कीं, पणतीला मागें सारणारा कंदीलही येथलाच. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस होणारा 'प्रभाकर' कंदील एके काळीं महाराष्ट्रांत घरोघर खुंटीला टांगलेला असे. आज तो कांचकारखाना बंद आहे, आणि प्रभाकर कंदील हौशी लोकांच्या कांचेच्या कपाटांत जाऊन बसला आहे. फार कशाला, १९४९ सालीं निर्माण झालेला 'दक्षिण सातारा' हा जिल्हासुद्धां १९६० सालीं नांव बदलून सांगली झाला. जुन्या पत्रांवरील पत्ते सोडले तर त्याची आठवण कोठें उरली आहे?

मोटेच्या कातड्यासंबंधीं एक गोष्ट मात्र चित्राच्या पाठीवर लिहिलीच पाहिजे, मग ती आपल्यासारख्या घरांतील मंडळींस रुचो वा न रुचो. मोट शिवणारा जो हात, त्यालाच गांवच्या विहिरीस शिवण्याची मनाई असे. कातडें पाण्यांत बुडे तें चाले, त्या पाण्यावर पिकलेलें धान्य चाले, तो माणूस चालत नसे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते कीं, अस्पृश्यांस पाणी भरूं देत नाहींत हें पाहून त्यांनीं लहानपणीं विहिरीचा रहाटच मोडून टाकला. पुढें याच भाऊरावांनीं किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचें काम केलें आणि १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. मोडक्या रहाटाचें तें चित्र कोणीं घेतलें असतें, तर धडधाकट रहाटांच्या शंभर चित्रांहून तें मोलाचें ठरतें.

ज्या चाली गेल्या तें बरेंच झालें, त्यांचींही छायाचित्रें हवींत. किंबहुना त्यांचींच अधिक हवींत. देवलांचें 'शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतल्यासारखे जरठ-कुमारी विवाह आपल्या घरांतून आतां ऐकूंही येत नाहींत. परंतु जुन्या संग्रहांत एखादें तसें चित्र असलें तरी तें ओळखणार कोण? 'आजोबा व नात' असें समजून आपण पान उलटतों. तीच गोष्ट केशवपनाची. एकत्र कुटुंबाच्या जुन्या चित्रांत तीस-तीस माणसें असतात, मांडीवरचीं तान्हीं मुलें असतात, क्वचित् कुत्राही असतो. ज्यांनीं त्या मुलांस न्हाऊंमाखूं घातलें, त्या आलवण नेसलेल्या आत्याबाई मात्र त्या वेळीं स्वयंपाकघरांत असतात. शुभ प्रसंगीं त्यांनीं समोर यावयाचें नसे, आणि चित्र तर शुभ प्रसंगाचेंच असावयाचें. कित्येक घरांत त्यांचें नांव देखील राहिलेलें नाहीं. 'काकू' म्हणत, एवढेंच ठाऊक. त्यांचें चित्र आतां मिळणें शक्य नाहीं. पण त्या चौकटीबाहेर कोणत्या खोलींत होत्या, त्यांचें माहेर कोणतें, हें त्या समूहचित्राच्या पाठीवर लिहितां येईल. हें सांगूं शकणारें एखादें वडीलधारें माणूस घरांत असेल तर विचारण्यास उशीर करूं नये. वडीलधारीं माणसें पहिल्यानें 'काय करायचंय तें आतां उकरून' असें म्हणतात. दुसऱ्यानें विचारल्यास सांगतात.

वस्तु जपण्याचें काम थोरांनीं केलें आहे. औंधास भवानराव पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं संग्रहालय उभें केलें. पुण्यास दिनकर केळकरांनीं, काव्यांत 'अज्ञातवासी' म्हणून जे प्रसिद्ध होते त्यांनीं, दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती जिनसा आयुष्यभर वेंचून आपल्या दिवंगत पुत्राच्या नांवें ठेवल्या. पण धाव कपाटांत मावत नाहीं, आगगाडीही मावत नाहीं. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९२७ सालीं मिरजेपर्यंत आली आणि पंढरीच्या वारकऱ्यांची झाली. आतां तेथें रुंद रूळ आहेत. तिच्या एंजिनांचीं चित्रें पुष्कळ पाहावयास मिळतात. वारीच्या गर्दींत खिडकींतून आंत दिलेलें गांठोडें आम्हीं एकाही चित्रांत पाहिलें नाहीं.

जिवंत वस्तूंचा प्रकार वेगळा. खानदेशांतील रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर खात्रीनें कोणास दिसला नव्हता, म्हणून तो नामशेष झाला असें धरून चालले होते. १९९७ सालीं शहाद्याजवळ तो पुन्हां दिसला, त्याचें चित्र घेतलें गेलें आणि जगाची खात्री पटली. तेथें छायाचित्रानें उपकारच केला. सातारच्या कास पठारावर मात्र उलट अनुभव येतो. सातारचेंच नांव शास्त्रांत मिरविणारा वायतुरा त्या पठाराच्या उथळ पाण्यांत उगवतो; सह्याद्रीबाहेर तो नाहीं. २०१२ सालीं पठारास जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि फुलांबरोबर आपलें चित्र घेण्यासाठीं फुलांतच बसणारी मंडळी वाढली. पाहणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली ती उगीच नव्हे.

घरांतील कामास मात्र कोणाची परवानगी नको. दिवाळींत सर्व मंडळी जमतात, तेव्हां आजीबाईंना जात्याशीं बसवून एक चित्र घ्यावें. पण खरोखरच मूठभर ज्वारी दळवून घ्यावें. चित्र मोबाईलमध्यें ठेवूं नये, कागदावर काढावें, आणि मागें मऊ पेन्सिलीनें लिहावें, कारण शाई पुढल्या बाजूस उमटते. मापांचें चित्र घेणें असल्यास नेळवें, कोळवें, चिपटें, मापटें, शेर, अडिसरी, पायली अशीं चढत्या क्रमानें मांडावींत. प्रत्येक माप आधल्याच्या दुप्पट असतें, हें मागें लिहून ठेवावें. १९५८ पासून दशमान वजनेंमापें लागू झालीं, तेव्हांपासून हीं मापें फडताळांत आहेत आणि त्यांचा आकार नुसत्या चित्रावरून समजत नाहीं. शेजारीं एखादें नाणें ठेवावें. नाणेंही पुढें ओळखूं येईल असें नाहीं, म्हणून त्यावरचें साल वाचतां येईल इतक्या जवळून छायाचित्र घ्यावें.